रॉकी जेवीना गेलाय

प्रश्न : डॉक्टर साहेब नमस्कार. आमच्या पोरानं दहावीला चांगले मार्क पाडले म्हणून हट्टानं शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, घ्यायला लावला, पुण्याहून आणलाय, येमेनच्या जातीचा आहे म्हणे, डोक्यावर उंच तुरा आहे. नाव रॉकी. दुकानदार म्हणला नर आहे, सात-आठ महिन्यांचा असंल. दोन महिने रातकिडे पटापट खायचा, आता आठ दिवस झाले काहीच खाईना गेलाय. रंग काळपट हिरवा झालाय, त्यावर निळे-पिवळे ठिपके आलेत, फांदीवर बसतच नाही, खालीच फिरायलाय आणि मनीप्लांटच्या कुंडीत उकरायलाय. सिरिंजनं दूध अन् अंड्याचा बलक पाजून बघितला पण तोंडच उघडंना. शेजारचे म्हणायलेत पोट फुगलंय, गॅस असंल, ओवा द्या. पोरगं जेवंना झालंय आता त्याच्यापायी. काय करावं?
— एक वाचक, बीड

उत्तर : भाऊ, पहिले ते दूध बंद करा, ओवा तर नकोच. नागपंचमीला नागाला दूध पाजतेत तशातलाच हा प्रकार आहे, सरपटणाऱ्या प्राण्याला दूध पचत नाही, आणि जबरदस्तीनं सिरिंज घातली की ते श्वासनळीत जायचं भ्या असतं.

तुमचा मेल वाचून अंक निघायची वाट बघायसारखं नव्हतं, खाली नंबर होता म्हणून लगेच फोन लावला ते तुम्हाला माहीतच आहे, बाकीच्या वाचकांसाठी इथं लिहितो. मी फोनवर औषध-बिवषध काही सांगितलं नाही, एवढंच म्हणलं की रॉकीच्या मागच्या पायाची टाच बघा, कोंबड्याच्या पायाला मागं असतो तसा बारका काटा दिसतो का? या जातीच्या नराला तो अंड्यातून निघाल्यापासूनच असतो, मादीला नसतो. तुमच्या पोरानं मोबाईलची टॉर्च मारून फोटो पाठवला. टाच सपाट! म्हणजे रॉकी ही बाई आहे, आणि बाईच्या पोटात अंडी आहेत. तो फुगवटा गॅसचा नाही.

आता तुम्ही म्हणाल नर नाही घरात तर अंडी कुठून आली. आपल्या घरची कोंबडी कोंबड्याशिवाय घालतेच की, तसंच. त्या अंड्यातून पिल्लं निघत नाहीत, पण घालावी तर लागतातच, आणि ही जात एका वेळेला वीस ते साठ-सत्तरपर्यंत अंडी घालते. एवढ्याशा पोटात तेवढी अंडी म्हणल्यावर अन्नाला जागा कुठं राहते, म्हणून घालायच्या आधी काही दिवस मादी खाणं सोडते. काळपट रंग अन् ठिपके, खाली उतरून फिरणं, कुंडी उकरणं, सगळं तुम्ही स्वतःच लिहिलंय, फक्त नर म्हणून डोक्यात बसल्यामुळं लक्षात आलं नाही. आमच्यातल्याही डॉक्टर लोकांचं असं होतं, मी स्वतः जास्त करून म्हशी-शेरडं बघणारा माणूस, पहिल्यांदा अशी केस आली तेव्हा मीही जंताच्या औषधाचाच विचार केला होता.

तिला मनीप्लांटची कुंडी पुरत नाही. वीस लिटरची बादली घ्या, धुतलेली वाळू अन् माती निम्मी-निम्मी कालवा, थर फूटभर तरी पाहिजे. ओल कशी पाहिजे तर मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे पण पाणी गळायला नको, बोटानं भोक पाडलं तर ते ढासळायला नको, कारण ती पूर्ण बोगदा करून आत जाते आणि बोगदा कोसळला की काम सोडून देते. बादली पिंजऱ्यात ठेवा, बाहेरून काळं कापड टाका आणि बघायला जाऊ नका. हे सगळ्यात अवघड आहे मला माहितीये, घरातली सगळी लेकरं डोकावणार, पण तिला कुणी बघतंय असं वाटलं तर अर्ध्यात खोदणं थांबवते आणि अंडी आत अडकतात. अडकली तर जीवावर बेततं. घालून झाली की ती स्वतःच माती लोटून खड्डा बुजवते, मग तिला पाणी आणि खाणं, अंडी काढून फेकून द्या.

डोळे दिवसाढवळ्या मिटलेले, फांदीची पकड सुटलेली, खोदून खोदून दमून पडली आणि अंडी नाहीत, असं काही दिसलं तर एक दिवससुद्धा थांबू नका. एक्स-रेत अंडी दिसतात, कॅल्शियमचं इंजेक्शन लागतं, कधी ऑपरेशन. आपल्याकडं परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, निघायच्या आधी फोन करून असा प्राणी बघतेत का ते विचारून घ्या. आणि नेताना खोक्यात न्या, झाकून. बीड ते परभणी भर उन्हात उघड्या पिंजऱ्यात मोटारसायकलवर नका नेऊ.

पाण्याचं एक राहिलं. हे प्राणी वाटीतलं पाणी सहसा पीत नाहीत, पानावरचा हलता थेंब चाटतात. तुम्ही फोनवर म्हणलात वाटी भरलेलीच असते, म्हणजे पीत नसणार. मेडिकलमधून सलाईनचा सेट आणा, वर बाटली टांगा, चाकी फिरवून थेंब थेंब पानांवर पडू द्या, शेतात ठिबक करतो तसंच. सकाळ-संध्याकाळ फवारा वेगळा. बोअरच्या पाण्यानं पानांवर पांढरे डाग पडतेत, जारचं वापरा. शरीरात पाणी कमी आहे का कसं ओळखायचं तर शीट बघा, तिच्यातला पांढरा भाग पांढराच पाहिजे, नारंगी झाला की पाणी कमी पडतंय, डोळेही खोल जातात.

ज्यांचा खरोखर नर आहे आणि खात नाही, त्यांनी आधी थर्मामीटर बघा. बसायच्या फांदीवर 30 ते 35 डिग्री ठीक, बाकी पिंजरा त्याच्यापेक्षा थंड पाहिजे. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत 42 असताना वरून अजून बल्ब लावणारे लोक मी बघितलेत! तोंड उघडं ठेवून बसला तर उकडतंय. सकाळी गारव्यातही तोंड उघडं आणि कडेला फेस असला तर फुफ्फुसाचं दुखणं, दवाखाना. दुसरं म्हणजे युव्हीबी लाईट, उन्हातले अतिनील किरण देणारा दिवा. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा या कामाला उपयोग नाही, काच ते किरण अडवते. त्या लाईटशिवाय कॅल्शियम अंगी लागत नाही, मग पाय वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ सुटत नाही. किडा दिसतो, नेम धरतो आणि जीभ अर्ध्यातच लोंबकळते, मालकाला वाटतं नखरे करायलाय.

रोज एकच किडा खाऊनही कंटाळतात. बीड-जालन्याकडं तुतीवाले इतके आहेत, रेशमाची अळी मऊ असते, पाणीदार असते, आजाऱ्याला चांगली. फक्त तुतीवर काय फवारलंय आणि अळ्यांवर निर्जंतुकीकरणाची पावडर टाकलीय का हे शेतकऱ्याला विचारूनच आणा. कापूस-सोयाबीनच्या रानातले नाकतोडे मात्र नको, फवारणीचं काही सांगता येत नाही. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात सोडू नका, तेच उलटे त्याला चावतात. आणि सोनाराकडं असतो तसा छोटा काटा घेऊन आठवड्याला वजन लिहून ठेवा, नुसतं बघून बारीक झालाय का ते कळत नाही.

दुकानदाराचं बिल जपून ठेवा बरं का, वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती आणि 2024 चे नियम यांच्यामुळं अशा परदेशी जातींची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

ता. क. चौथ्या दिवशी मेसेज आला, त्रेचाळीस अंडी. पोरानं नाव बदललं नाही.

प्रश्न : तुरीत शॅमेलिऑन सापडला, आम्ही घोयरा म्हणतो. चार दिवस खोक्यात ठेवलाय, काही खाईना. विषारी असतो का?
— एक वाचक, हिंगोली

उत्तर : विषारी बिलकुल नाही, फुसफुस करून भ्या दाखवतो एवढंच. आणि खाणार कसा, त्याला तुम्ही खोक्यात कोंडलाय. हा आपल्याकडचा रानातला प्राणी आहे, 1972 च्या वन्यजीव कायद्यानं संरक्षित आहे, पाळता येत नाही. जखम नसंल तर उद्या सकाळी ऊन चढायच्या आत जिथून उचलला त्याच बांधावरच्या बाभळीवर सोडा. जखम असंल तर वनविभागाच्या 1926 वर फोन करा, तोपर्यंत खोकं सावलीत ठेवा.