उन्हानं केलेली पंचाईत

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. तुझ्या नव्या चित्रांचे फोटो पाहिले. फ्रेंच चित्रकार मातीसनं तुला झपाटलंय हे कुणीही सांगेल. गुलाबी, नारंगी, हिरवा, सगळे थेट ट्यूबमधून हजर! दक्षिण फ्रान्सच्या किनाऱ्यावर ऊन भरपूर, म्हणून तिथली चित्रं भडक, असं तू धरून चाललेली दिसतेस. मला ते पटत नाही. त्या उन्हानं आधी चित्रकारांची पंचाईतच केली.

चित्रकार सेझानचं बघ. मार्सेयजवळच्या लेस्ताक गावातून 1876 मध्ये त्यानं आपल्या चित्रकार मित्राला, पिसारोला, पत्र लिहिलं. निळ्या समुद्रावर लाल छपरं, अगदी पत्त्याच्या पानासारखी. ऊन एवढं प्रखर की वस्तूंच्या नुसत्या आकृत्या उरतात, आणि त्याही फक्त काळ्या-पांढऱ्या नाहीत, तर निळ्या, लाल, तपकिरी, जांभळ्या. हे शेडिंगच्या बरोबर उलट आहे, असं त्याला वाटत होतं. उजेडाकडून अंधाराकडे टोन चढवत गोलाई आणायची, हे तुलाही पहिल्या वर्षीच शिकवलं असेल. भर दुपारच्या त्या किनाऱ्यावर नेमकं तेच हत्यार बोथट झालं. मग घडण दाखवायची कशानं? उरला रंग.

1905 च्या उन्हाळ्यात स्पेनच्या सीमेजवळच्या कोल्यूर या कोळ्यांच्या गावात मातीस आणि त्याच्याहून दहाएक वर्षांनी लहान चित्रकार देरँ याच अडचणीशी झगडत होते. इथे सावलीसुद्धा उजळ आहे, असं देरँनं त्याच्या चित्रकार मित्राला, व्लामँकला, कळवलं. म्हणून त्यांच्या सावल्या निळ्या-हिरव्या झाल्या, आणि फटकाऱ्यांमधला कॅनव्हास त्यांनी जागोजाग कोराच ठेवला. त्या कोऱ्या जागा नीट बघ. तुझ्या चित्रांत त्या कुठेच नाहीत. शरद ऋतूत पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी जनावरं, हे नाव पडलं. ती कथा तुला पाठच असेल.

आता माझा लाडका पुरावा. चित्रकार ब्राकनं लेस्ताकला आधी अशीच झगझगीत चित्रं काढली. 1908 मध्ये तो पुन्हा तिथेच गेला. गाव तेच, ऊन तेच. पण या वेळची घरं मातकट आणि हिरवी, एकमेकांवर रचलेले ठोकळे जणू. क्युबिझमची, म्हणजे वस्तू भौमितिक आकारांत मोडून दाखवणाऱ्या शैलीची, सुरुवात बरेच जण तिथूनच धरतात. ऊन भडक रंग लादत असतं, तर हे झालं असतं का?

मातीस 1917 च्या अखेरीस त्याच किनाऱ्यावरच्या नीस शहरात गेला, तर तिथे पावसाची झड. कंटाळून निघायच्या बेतात होता, तेवढ्यात मिस्ट्रल वाऱ्यानं ढग पांगवले आणि तो राहिला. पुढे त्याची बरीच चित्रं खोलीत बसून, खिडकीतून येणाऱ्या उजेडावर झाली. चित्रकार बोनार तर ल काने गावातल्या घरात भिंतीला कॅनव्हास ठोकून आठवणीतूनच रंगवायचा. आपल्या जे.जे.मध्ये शिकून 1950 मध्ये फ्रान्सला गेलेल्या चित्रकार रझांनीही त्याच किनाऱ्याजवळच्या कान्य गावातली घरं रंगवली. तीही मातीसची नक्कल नाही.

तू कोकणात राहतेस. मिस्ट्रल सुटला की दक्षिण फ्रान्सची हवा कोरडी, लख्ख होते. तुझ्याकडे हवेत बाष्प असतं, लांबचे डोंगर दुधाळ दिसतात. त्या चित्रकारांचे रंग उचलून कोकणावर बसवलेस तर चित्र खोटं बोलेल, आणि तुझ्या जेट्टीच्या चित्रात ते बोलतंय.

म्हणून महिनाभर एवढंच कर. घरासमोरची एकच भिंत घे, दुपारी बारा वाजता आणि संध्याकाळी पाच वाजता. काळा रंग डब्यातच राहू दे. सावलीचा रंग ठरवायच्या आधी शेजारच्या उन्हाचा रंग लाव. फोनवरच्या फोटोवरून मात्र रंगवू नकोस, त्यात सावल्या बऱ्याचदा काळ्या पडतात आणि तुझा सगळा प्रश्न तर सावलीचाच आहे. बिघडलेली पानंही पाठव, मागे वेळ लिहून.

तुझा,
काका