गेल्या नोव्हेंबरात जे जमत नव्हतं

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल रात्री साडेअकराला आला. विषयाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह. आत काय, तर साहेबांनी सोमवारपर्यंत दोन ओळी मागितल्यात: तुमच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा हा डिफेन्सिव्ह एंड, म्हणजे कडेवरून घुसून चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला गाठणारा बचावपटू, घडतोय की वाया गेला? ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या, पहिल्या फेरीतली निवड, दोन हंगाम आणि सगळ्या मिळून साडेपाच सॅक (क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत पाडलं की एक, दोघांनी मिळून पाडलं तर अर्धी). आणि तू लिहितेस, "काका, तीन दिवस झाले, मला एक ओळ लिहवत नाहीये."

लिहवत नाहीये ते बरंच आहे. ज्याला अशा पोराबद्दल पाच मिनिटांत लिहवतं, त्याच्यावर माझा विश्वास नाही. हे मी अनुभवाने सांगतो, कारण मी स्वतः पाच मिनिटांत निकाल दिलेला माणूस आहे, आणि एकदा नव्हे.

२००६ साली तू नाशकात बालवाडीत असशील. इथे ह्यूस्टनमध्ये आदल्या हंगामात आपला संघ टेक्सन्स सोळापैकी दोनच सामने जिंकले होते, त्यामुळे ड्राफ्टमध्ये पहिली निवड आपली. सगळ्या गावाला हवा होता रेजी बुश, नाहीतर ह्यूस्टनचाच पोरगा व्हिन्स यंग. घेतला कोण? मारियो विल्यम्स, डिफेन्सिव्ह एंड. गावाने त्याची हुर्यो उडवली. त्यात मीही होतो. पहिल्या वर्षी त्याच्या साडेचार सॅक झाल्या. डिसेंबरात व्हिन्स यंग टेनेसीकडून आपल्याच मैदानावर आला आणि जादा वेळेत एकोणचाळीस यार्ड धावून सामना घेऊन गेला. मी स्टँडमध्ये उभा राहून मारियोच्या नावाने शुद्ध सांगली बोलीत जे काय ओरडलो, ते बाजूच्यांना कळलं नाही एवढंच नशीब.

माझा मुलगा तेव्हा नववीत. तो शेजारी बसून म्हणाला, "बाबा, त्याचा तळपाय दुखतोय. टाच टेकवत नाहीये, बघा ना." मी म्हटलं, पैसे घेताना दुखत नव्हता का? मारियो तो हंगाम तळपायाच्या दुखण्यासकट खेळला हे नंतर सगळ्यांना कळलं. पुढच्या वर्षी त्याच्या चौदा सॅक झाल्या, त्यानंतर बारा. नववीतल्या पोराला जे दिसलं ते मला दिसलं नाही, कारण त्याची नजर पायाकडे होती आणि माझी फलकाकडे.

म्हणून तुला एकच प्रश्न देतो. तोच धरून बस: गेल्या नोव्हेंबरात जे जमत नव्हतं, ते या नोव्हेंबरात जमतंय का? बाकी सगळं नंतर.

नोव्हेंबरच का म्हणतो? सप्टेंबरात सगळेच ताजे असतात. कॉलेजचा हंगाम बारा-तेरा सामन्यांचा, इथे एनएफएल लीगमध्ये सतरा. नोव्हेंबर उजाडेपर्यंत पाय जड झालेले असतात, समोरच्या टॅकलने, म्हणजे त्याला अडवणाऱ्या गड्याने, तुझ्या पोराच्या सगळ्या फिती पाहिलेल्या असतात, आणि जो एक डाव घेऊन तो आला तो सगळ्या लीगला पाठ झालेला असतो. आपल्याकडे एकाच डावाचा पैलवान गावच्या जत्रेत नारळ घेऊन जातो, पण मोठ्या मैदानात त्याला दुसरा डाव लागतो, आणि पहिला अडला की त्यातूनच दुसरा निघावा लागतो. बाहेरून वळसा अडला तर आत काप, आत अडवलं तर सरळ छातीवर रेट. आत्ताच्या नोव्हेंबरात हे दिसतंय का? गेल्या नोव्हेंबरात दिसत होतं का?

तू पाठवलेल्या चौदा व्हिडिओ तुकड्यांपैकी नववा मी वीसएक वेळा पाहिला. तिसरा क्वार्टर, तिसरा डाउन, म्हणजे तिसरा प्रयत्न, अजून आठ यार्ड मिळवायचेत. पोरगा उजव्या टॅकलच्या बाहेर, दोन पाय आणि एक हात अशा तीन टेकूंवर बसलेला. चेंडू हलतो आणि त्याचा पुढचा पाय थेट पुढे पडतो. आता गेल्या वर्षीचा कुठलाही तुकडा लाव. चेंडू हलला की तो आधी पाय चार बोटं मागे घ्यायचा, जोर घ्यायला, आणि मग निघायचा. त्या चार बोटांत टॅकल दोन पावलं मागे सरकून तयार व्हायचा. या तुकड्यात टॅकलला ती उसंत मिळत नाही. टॅकलचा हात छातीवर बसायच्या आत हा मनगटावर फटका मारून तो उडवतो, खांदा गुडघ्याच्या उंचीला आणतो आणि कोपरा वळतो. क्वार्टरबॅकला तो दिसतो, क्वार्टरबॅक घाबरून पुढे सरकतो, सरळ तुमच्याच बचावातल्या आतल्या टॅकलच्या मिठीत. सॅक लिहिली गेली मिठी मारणाऱ्याच्या नावावर. तुझ्या पोराच्या नावावर शून्य.

या शून्याचं काय करायचं, सांग मला.

सॅक हा आकडा लीगने अधिकृतपणे मोजायला घेतला १९८२ पासून. त्याआधीचा डीकन जोन्स, ज्याने हा शब्दच रूढ केला, त्याच्या अधिकृत खात्यावर एकही नाही. खाते असं असतं. आणि उलटं बघ. मायकेल स्ट्रेहॅनने २००१ मध्ये एका हंगामात साडेबावीसचा विक्रम केला, त्यातली शेवटची क्वार्टरबॅक ब्रेट फार्वने जवळजवळ आपणहून जमिनीवर लोळून दिली असं लोक अजून म्हणतात. वहीत तीही एक आणि दोन माणसांना फोडून मिळवलेली तीही एक.

पण मला त्याच स्ट्रेहॅनची सुरुवात महत्त्वाची वाटते. जायंट्सने १९९३ मध्ये दुसऱ्या फेरीत घेतलेला पोरगा. पहिल्या वर्षी एक, मग साडेचार, मग साडेसात, आणि चौथ्या वर्षी परत पाच. तुझे साहेब तेव्हा तिथे असते तर चौथ्या वर्षी "उताराला लागला" असं लिहून मोकळे झाले असते. पाचव्या वर्षी चौदा. ट्रे हेंड्रिक्सन न्यू ऑर्लीन्सला: दोन, शून्य, साडेचार आणि चौथ्या हंगामात साडेतेरा. डॅनिएल हंटर तर आपल्या ह्यूस्टनजवळच्या केटी गावातल्या शाळेतला पोरगा. कॉलेजच्या तीन वर्षांत त्याच्या सगळ्या मिळून साडेचार सॅक. तिसऱ्या फेरीत मिनेसोटाने उचलला, आणि तिथल्या अँड्रे पॅटरसन या कोचने त्याला पाय कसे ठेवायचे, हात कधी टाकायचे हे पहिल्यापासून शिकवलं. दुसऱ्याच हंगामात साडेबारा.

दुसऱ्या बाजूला जेव्हॉन कर्स. १९९९ मध्ये पहिल्याच वर्षी साडेचौदा, सगळी लीग तोंडात बोट घालून बसली. तो चांगलाच खेळला पुढेही, पुढे पायाचं हाडही मोडलं त्याचं, पण तो पहिला आकडा त्याला परत कधी गाठता आला नाही. पहिल्या वर्षाने काहीच सांगितलं नव्हतं, ना स्ट्रेहॅनचं, ना त्याचं.

आता तू म्हणशील, काका, म्हणजे कायम वाट बघत बसायचं? मुळीच नाही! तुझ्या मेलमध्ये तो शब्द तीनदा आलाय, 'पोटेन्शियल'. तो काढून टाक. वापरून वापरून चोथा झालाय त्याचा. व्हर्नन गोल्स्टनला जेट्सने २००८ मध्ये सहाव्या क्रमांकावर घेतला. अंगकाठी बघाल तर कोरीव शिल्प. तीन हंगामांत सॅक किती? शून्य. पण मी त्याला शून्यामुळे नापास करत नाही. मी तेव्हा त्याचे सामने पाहिले होते. पहिल्या वर्षी जो टॅकलला छाती देऊन अडकायचा, तो तिसऱ्या वर्षीही तसाच अडकत होता. गेल्या नोव्हेंबरात जे जमत नव्हतं ते या नोव्हेंबरातही नाही, आणि त्याच्याही पुढच्या नोव्हेंबरात नाही. हा प्रश्न दयाळू नाहीये, हे लक्षात ठेव. आकड्यामागे लपलेल्यांनाही तो उघडा पाडतो.

आणि हो, तू मेलमध्ये दिलेल्या त्या टक्केवारीबद्दल. अडीच सेकंदांत समोरच्याला हरवलं का, हे मोजतात ते मला आवडतं. सॅकपेक्षा शंभर पटीने बरं. पण त्यात समोरचा चेंडू घेऊन धावतो त्या खेळी येत नाहीत, आणि डिफेन्सिव्ह एंडचं अर्धं आयुष्य तिथे जातं. कड धरायची, बाहेरचा हात मोकळा ठेवायचा, धावणाऱ्याला बाहेरून जाऊ न देता आत वळवायचं, जिथे दुसरे त्याला पाडतील. मी सांगलीत मंडळाच्या कबड्डी संघात डावा कोपरा होतो. घोटा मी धरायचो, चढाईवाल्याला बाहेर ढकलायची साखळी, आणि टाळ्या कव्हरला. तरी पायाला कोण भिडला हे सगळ्या गल्लीला माहीत असायचं. मला हे कळत होतं गं. विसाव्या वर्षी कळत होतं. मग अमेरिकेत येऊन कसं विसरलो?

कारण हे मी स्वतःच्या मुलाच्या बाबतीत विसरलो.

तोही एंड खेळायचा, शाळेच्या संघात. शुक्रवारी रात्री सामना, मी कॅमेरा घेऊन सगळ्यात वरच्या पायरीवर. सामना संपला की गाडीत बसल्या बसल्या माझा पहिला प्रश्न, "आज किती?" तो म्हणायचा, "एकही नाही, पण कोच म्हणाले कड छान धरली." मी म्हणायचो, "कड काय धरायचीय, पडदा आहे का?" विनोद म्हणून. अकरावीनंतर त्याने हेल्मेट परत केलं. अभ्यास आहे, म्हणाला. मीही सुटलो असं वाटलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, गुडघ्यांची आणि डोक्याची काळजी होतीच.

२०२० मध्ये घरात कोंडलेलो असताना गॅरेजमधून त्या सीडी काढल्या. दहावीतला आणि अकरावीतला नोव्हेंबर शेजारीशेजारी लावला. दहावीत आडवा येणारा पोरगा त्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन बाजूला नेतो. अकरावीत तोच पोरगा, तीच शाळा, आणि माझा मुलगा एका हाताने त्याला लांब धरून उभा, डावा हात मोकळा, धावणारा दचकून आत वळतो. एकदा नाही, सात वेळा. कॅमेरा मी धरला होता. मागून माझाच आवाज येतो: "अरे, पाड ना त्याला!"

त्याला हे अजून सांगितलेलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नाही ते. तुझी काकू म्हणते, तू या पोरीला जे लिहितोयस ते तिच्यासाठी नाहीच. म्हणू दे. असेलही. तरी प्रश्न खोटा ठरत नाही त्याने. आणि मी काही एकटाच बाप नव्हतो त्या पायऱ्यांवर आकडे मोजणारा, सगळेच मोजत होते. शाळेच्या वार्तापत्रातही सॅकच छापायचे, कड धरल्याचं कुठे छापून येतं? पण ते असो.

तुझ्या दोन ओळींचं बघू. साहेबांना घाई कशाची आहे ते मला माहीत आहे. पहिल्या फेरीतल्या पोराचा पाचव्या वर्षाचा पर्याय उचलायचा, म्हणजे करार एक वर्ष वाढवायचा, की नाही हे तिसऱ्या हंगामानंतर ठरवावं लागतं, म्हणजे अजून एक पूर्ण हंगाम हातात आहे. तरी त्यांना आत्ता निकाल हवाय, कारण निकाल हातात असला की बैठकीत बरं दिसतं. देऊ नकोस. "घडतोय" लिहू नकोस आणि "वाया गेला" तर नाहीच नाही. काय बदललं ते लिही: पहिलं पाऊल मागे जात होतं, आता जात नाही. हात उशिरा यायचे, आता वेळेवर येतात. दुसरा डाव अजून नाही. दोनच ओळी भरतील. रागावले तर रागावू देत, पहिल्या नोकरीत एकदा साहेब रागवावाच लागतो.

दुसऱ्या डावाबद्दल मात्र मला खात्री नाही. बाराव्या तुकड्यात तो आत कापायला गेल्यासारखा वाटतो, पण कदाचित नुसता घसरलाय. ओल्या मैदानावर आहे तो सामना आणि तुझ्या तुकड्यात कॅमेरा फार वरून आहे. मागच्या कोनातून घेतलेली फीत मिळते का बघ. शनिवारी दुपारनंतर घरी ये, लॅपटॉप घेऊन ये, माझा टीव्ही मोठा आहे. त्याचा उजवा पाय सरकण्याआधी वळला होता की नंतर, तेवढं आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
काका