रेडीमेड एसटीपी की बांधलेला?

प्रश्न : मुलुंडला १२० फ्लॅटची आमची सोसायटी, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) बसवायचाय. कमिटीत दोन तट पडलेत, मॉड्युलर (कारखान्यातून तयार येणारा) की जागेवर बांधलेल्या काँक्रीटच्या टाक्या?

उत्तर : आधी हिशोब करा. घरटी ५ माणसं, माणशी १३५ लिटर पाणी, म्हणजे रोज ८१ हजार, त्यातलं ८० टक्के सांडपाणी धरलं तर ६५ हजार लिटर. एवढ्यासाठी मॉड्युलर बरा, कारण उभ्या बिल्डिंगीच्या पोडियमखाली खोदकाम म्हणजे डोक्याला ताप आणि पार्किंगवरून भांडणं वेगळीच. काँक्रीट टिकतं जास्त, पण जागा आणि वेळ खातं. मॉड्युलरमध्ये लोखंडी टाकी असेल तर आतलं कोटिंग बघाच, गंज लागतो. टाकी जमिनीत पुरणार असाल तर नीट अँकर करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात खालचं पाणी चढलं की रिकामी टाकी चक्क वर उचलली जाते! आणि ब्लोअर (टाकीत हवा सोडणारं यंत्र) एक नको, दोन घ्या, हवा थांबली की घाण खाणारे बॅक्टेरिया मरतात आणि वास थेट पहिल्या मजल्यावर.