जखम धुताना

*“ताई, वडील सात महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांचं सगळं मीच करते. पूर्वी पहाटे तासभर जप-ध्यान व्हायचं. आता डोळे मिटले की झोपच लागते. मैत्रिणी म्हणतात, देव सगळीकडे आहे, निसर्गात बघ. परवा मुद्दाम गच्चीवर जाऊन मावळता सूर्य बघत बसले. काही म्हणजे काही वाटलं नाही, बाबांच्या औषधाची वेळ तेवढी आठवली. त्यांच्या पाठीवरची जखम धुताना तर वाटतं, इथे कुठला देव? माझी श्रद्धा आटली का?”*

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. नाही, श्रद्धा आटलेली नाही. ती आटली असती तर तिच्यासाठी जीव असा तुटला नसता. झोप मात्र आटली आहे. बाबांची कूस दर दोन तासांनी तुम्हालाच बदलावी लागते, रात्रीसुद्धा, असं तुम्ही पुढे लिहिलंय. इतकं थकलेलं शरीर भारावून कसं जाणार? म्हणून आधी हे करा: आठवड्यातल्या दोन रात्री भावाला बोलवा. “त्याला जमणार नाही” हे तुम्हीच ठरवून टाकलेलं दिसतंय. एकदा विचारून तर बघा.

आता सूर्यास्ताचं. गच्चीवर तुम्ही सूर्याकडे कमी आणि स्वतःच्या मनाकडे जास्त बघत होतात. काही वाटतंय का, आता तरी वाटतंय का? मीही कित्येक वर्षं हेच केलंय. अंगावर काटा आला तरच देव भेटला, असं आपण धरून बसतो. पण काटा येणं आपल्या हातात नाही. समोर जे आहे ते नीट बघणं तेवढं आहे.

तर मग तुमच्या समोर जे रोज आहे, तेच बघू या. ती जखम.

माझ्या आईला अशीच जखम झाली होती आणि ड्रेसिंग मी करायचे. पहिले काही दिवस मान वळवूनच करायचे. मग एकदा नर्सबाईंनी बॅटरी धरली आणि म्हणाल्या, “हे लाल दाणे दिसतात ना, ही चांगली खूण.” वाकून बघितलं. जखमेच्या तळाशी ओलसर, लालबुंद, बारीक दाण्यांचं मांस धरलं होतं. त्या दाण्यांत केसाहून बारीक अशा नव्या रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात. पुढे काही दिवसांनी कडेने एक पातळ, मोतिया-गुलाबी पापुद्रा आत सरकताना दिसू लागला. नवी कातडी. मी फक्त धुवत होते, पट्टी बांधत होते. भरत दुसरंच कोणी होतं, आणि आई झोपलेली असतानाही त्याचं काम चालू होतं. त्या दिवशी मला काटाबिटा आला नाही. हात मात्र आपोआप हळू झाले.

तुम्ही विचारलंत, इथे कुठला देव? मला तो तिथेच दिसला, ताई.

१७व्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधक होते. अठराव्या वर्षी, ऐन हिवाळ्यात, त्यांनी एक निष्पर्ण झाड बघितलं. याला पुन्हा पालवी फुटेल, फुलं-फळं येतील, या एका विचाराने त्यांचं आयुष्य बदललं. झाड तेव्हा उघडंच होतं, हे लक्षात घ्या. पुढे त्यांच्या वाट्याला मठाचं स्वयंपाकघर आलं. ते काम त्यांना मुळीच आवडत नव्हतं, पण भांड्यांच्या गडबडीतही प्रार्थनेइतकाच देव जवळ असतो, असं ते सांगत. तुमचा पहाटेचा तास गेला आहे, तो आत्ता परत मागू नका. पट्टी बांधून झाली की बाबांच्या पाठीवर तळहात तसाच ठेवा, त्यांचे चार-पाच श्वास हाताला लागू द्या. शब्द सुचले तर बोला, नाही सुचले तर राहू द्या.

एक गोष्ट लपवणार नाही. सगळ्या जखमा भरत नाहीत. थकलेल्या, म्हाताऱ्या शरीरात तर कधी कधी नाहीच भरत, आणि त्यात तुमची काही चूक नसते. आईची दुसरी जखम शेवटपर्यंत भरली नाही. तेव्हा देव कुठे होता, याचं उत्तर माझ्याकडे नाही. ती जखमही मी तितक्याच हळू हातांनी धुतली, एवढं सांगू शकते.

जखमेला वास येऊ लागला, ती काळी पडली किंवा बाबांना ताप आला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा, सकाळची वाट बघू नका.

भावाला आजच फोन करा. आणि पुढच्या पत्रात जखमेची कड किती आत सरकली, ते मला कळवा.