घरचा गाळा, न दिलेलं भाडं आणि बेस्टचं तिकीट

या वेळी इकॉनॉमिक्सच्या प्रश्नांची पत्रं बहुतेक कॉलेजच्या मुलांचीच आलीत, म्हणजे परीक्षा जवळ आल्या म्हणायच्या. ज्यांनी नुसती "व्याख्या लिहून द्या" म्हणून लिहिलंय त्यांची पत्रं बाजूला ठेवली, व्याख्या गाइडमध्ये मिळेल की. ज्यांचा प्रश्न घरातून किंवा रस्त्यावरून आलाय तेवढे घेतलेत.

प्रश्न: ताई, मी लालबागला राहते. खाली आमचा मालकीचा छोटा गाळा आहे, तिथून आई ऑफिसवाल्यांना पोळीभाजीचे डबे देते. महिन्याचे 25 दिवस, रोज 60 डबे, 80 रुपयांना एक. सगळा खर्च जाऊन 38,000 सुटतात. सरांनी अपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवली तेव्हा मी घरी म्हटलं की गाळ्याचं भाडं पण खर्चात धरायला पाहिजे, तर बाबा हसायलाच लागले, जे भाडं आपण कुणाला देतच नाही ते खर्च कसं म्हणे. आणि अजून एक, एक ऑफिस रोज 40 डबे मागतंय पण 52 च्या वर एक रुपया द्यायला तयार नाही. बाबा नको म्हणतात. (एफवायबीकॉम)

उत्तर: बाबांची वही बरोबरच आहे गं. इन्कम टॅक्सवाल्यांना सांगून बघ, स्वतःच्या गाळ्याचं भाडं स्वतःलाच दिलं म्हणून, ते काही वजावट देणार नाहीत. पण वहीत काय झालं ते असतं आणि सर विचारतायत की याऐवजी काय होऊ शकलं असतं. समजा तो गाळा भाड्याने दिला तर 25,000 येतील (तुमच्या गल्लीतला खरा आकडा तू बघ, मी आपला अंदाज धरला) आणि आई दुसरीकडे स्वयंपाकाच्या कामाला गेली तर 18,000 मिळतील, म्हणजे झाले 43,000. डब्यातून सुटतात 38,000. म्हणजे अकाउंटच्या भाषेत 38,000 नफा आणि इकॉनॉमिक्सच्या भाषेत 5,000 तोटा, आणि दोन्ही एकाच वेळी खरं!

म्हणून उद्या शटर ओढा असं मी अजिबात म्हणत नाहीये. आईला दुसऱ्याच्या किचनमध्ये राबायचं नसेल, दुपारी तुझ्या भावाला शाळेतून आणायला मोकळीक लागत असेल तर त्यालाही किंमत आहे, ती महिन्याला 5,000 पेक्षा जास्त वाटत असेल तर चालू द्या. फक्त ते माहीत असून चालू द्या, "गाळा घरचाच आहे, भाडं थोडीच लागतं" असं म्हणून नको. आणि हा गाळा मालकीचा आहे म्हणून हे गणित. लालबाग-परळला पागडीचे गाळे (एकरकमी पैसे देऊन घेतलेले, पण मालकी घरमालकाचीच) कमी नाहीत, तिथे घरमालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, तर मग जे करताच येत नाही त्याचे 25,000 कसे धरणार? अपॉर्च्युनिटी कॉस्ट ही खरंच करता येईल अशा दुसऱ्या सगळ्यात चांगल्या पर्यायाची असते, मनातल्या मांड्यांची नाही. परीक्षेत हे वाक्य लिहिलंस तर तपासणारे खूश होतील.

आता ते 52 रुपयांचे डबे. तू खर्चाची यादी पाठवलीस ते फार बरं केलंस, नाहीतर उत्तर देताच आलं नसतं. कणीक, भाजी, डाळ, तेल, गॅस, पोचवणं धरून डब्यामागे 42 रुपये, म्हणजे 1500 डब्यांचे 63,000. वर मदतीला येणाऱ्या मावशींचे 14,000 आणि लाइट, मेंटेनन्स वगैरे 5,000, हे 19,000 डबे कमी होवोत की जास्त, जातातच. एकूण 82,000, भागिले 1500, डब्याला जवळपास 55. बाबा म्हणतात 55 ला पडणारी वस्तू 52 ला का विकायची, आणि ऐकायला ते एकदम पटतंही. पण मावशींचा पगार आणि लाइटबिल आधीच्या 60 डब्यांनी फेडलेलंच आहे ना, नवीन डब्यामुळे खिशातून जादा जाणार ते 42. म्हणजे डब्यामागे 10 रुपये सुटतात, 40 डबे 25 दिवस, महिन्याला 10,000. याला मार्जिनल कॉस्ट बघून निर्णय घेणं म्हणतात.

पण थांब, लगेच हो म्हणू नका. 60 चे 100 डबे त्याच मावशी त्याच वेळात करतील का? दुसरी बाई ठेवावी लागली तर 14,000 गेले, म्हणजे 10,000 च्या मागे लागून 4,000 चा खड्डा. दुसरं म्हणजे जुन्या गिऱ्हाइकांना कळलं की त्या ऑफिसला 52 आणि आम्हाला 80, तर 60 पैकी किती जण भाव करायला येतील? बाबांचा नकार या कारणाने असेल तर मी त्यांच्या बाजूने आहे. आणि तो 45,000 चा डीप फ्रीझर घेतलाय म्हणून ऑर्डर घ्यायलाच पाहिजे असं जे तू शेवटी लिहिलंयस ते मात्र साफ चूक, ते पैसे गेले, त्यांना सन्क कॉस्ट म्हणतात, आज तो विकला तर जे येतील तेवढाच त्याचा विचार करायचा.

प्रश्न: बातम्यांत सांगतात महागाई दर कमी झाला आणि आमच्या विक्रोळीच्या वाण्याकडे काहीच स्वस्त नाही. आकडे खोटे असतात का? (बारावी कॉमर्स)

उत्तर: खोटे नसतात रे, ते वेग सांगतात. तेलाची पिशवी 100 ची 110 झाली, महागाई 10 टक्के. पुढच्या वर्षी 110 ची 114 रुपये 40 पैसे झाली, महागाई 4 टक्के, "महागाई घटली" अशी हेडलाइन आणि आईच्या हातातून 4 रुपये 40 पैसे अजून जास्तच गेले. भाव खाली यायला दर शून्याच्याही खाली जावा लागतो. आणि रिझर्व्ह बँकेला 2016 पासून जे टार्गेट दिलंय ते 4 टक्क्यांचं, वर-खाली 2 ची मुभा, म्हणजे भाव हळूहळू वाढावेत असंच ठरलेलं आहे, ते मागे आणून देणं हे फोर्टातल्या त्या इमारतीचं कामच नाही. शिवाय महागाई ज्या वस्तूंच्या टोपलीवरून मोजतात ती सरासरीची असते. 2012 पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेत शहरी टोपलीत खाण्यापिण्याचं वजन साधारण 36 टक्के होतं आणि घराचं 22 च्या आसपास. तुमच्या घरी निम्मा पगार किराण्यातच जात असेल तर तुमची महागाई टीव्हीवरच्यापेक्षा वेगळी निघणारच.

प्रश्न: इलॅस्टिसिटी, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, पाठ आहे पण डोक्यात शिरत नाही. बेस्टने आधी तिकीट कमी केलं, मग वाढवलं, यात इलॅस्टिसिटी कुठे आली? (टीवायबीए, कुर्ला)

उत्तर: यापेक्षा चांगलं उदाहरण पुस्तकातही मिळणार नाही तुला. जुलै 2019 मध्ये साध्या बसचं किमान तिकीट 8 वरून 5 झालं आणि एसीचं 20 वरून 6. आता नुसतं 8 चं 5 बघ. पैसे तेवढेच जमायचे असतील तर 5 जणांच्या जागी 8 जण चढायला पाहिजेत, म्हणजे 60 टक्के वाढ. लोक वाढले, भरपूर वाढले, पण तिकिटाचं उत्पन्न खाली आलं. मग मे 2025 मध्ये 5 चं 10 आणि एसीचं 12. भाव दुप्पट, म्हणजे अर्धे लोक उतरून गेले तरच जमा आधीइतकीच, अर्ध्यापेक्षा कमी गेले की गल्ला वाढला.

कोण उतरतं हे पर्यायावर ठरतं. तुझ्या कुर्ल्यात स्टेशनबाहेर शेअर रिक्षा उभी असते, दोन स्टॉपसाठी 10 रुपये द्यायचे तर माणूस चालत जाईल नाहीतर रिक्षात बसेल. सायन-माहीमच्या पुढे शहरात रिक्षाच नाही, तिथे शेअर टॅक्सी मिळाली तर ठीक, नाहीतर बसच, मग भाव वाढला तरी चडफडत का होईना लोक चढतात. एकच तिकीट आणि दोन भागांत दोन इलॅस्टिसिटी! वेळेचंही असतं, पहिल्या आठवड्यात सवयीने लोक बसतात, मेट्रो सुरू झाली, कुणी स्कूटर घेतली की मग खरा आकडा कळतो. अर्थात बेस्ट नुसत्या गल्ल्यासाठी चालत नाही, तिकीट स्वस्त ठेवायचं की नाही हा महापालिकेच्या तिजोरीचा आणि राजकारणाचाही प्रश्न आहे, तो तुझ्या फॉर्म्युल्यात बसणार नाही.

प्रश्न: सेन्सेक्स वर गेला म्हणजे देशाची इकॉनॉमी चांगली चाललीय ना? (एसवायबीएमएस, गिरगाव)

उत्तर: नाही. सेन्सेक्स म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या फक्त 30 मोठ्या कंपन्या, 1978-79 ला 100 धरून आज किती, एवढंच. त्यात लालबागचे डबे नाहीत, विक्रोळीचा वाणी नाही, शेत नाही. आणि शेअरचा भाव पुढच्या नफ्याच्या अपेक्षेवर चालतो, आज काय चाललंय त्यावर कमी. जीडीपीचा धडा वाचून मग परत लिही, तेव्हा मोठं उत्तर देईन.