मीच का नेहमी रॉन?

प्रश्न : ताई, माझी मुलगी पाचवीत आहे. संध्याकाळी सोसायटीतली सगळी मुलं खाली पोडियमवर हॅरी पॉटर खेळतात आणि हिला दर वेळी रॉनच व्हायला लावतात. परवा रडतच वर आली, म्हणाली, मी कायम हिरोच्या मागेच चालायचं का? मी म्हटलं, अगं रॉन किती चांगला मित्र आहे, तर म्हणते, म्हणजे चमचाच ना. मला पुढे काही सुचेना. मी पुस्तकं वाचलेली नाहीत, दोन-तीन सिनेमे अधूनमधून पाहिलेत. काय सांगू तिला?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : चमचा हा शब्द तिला सुचला म्हणजे पोरगी नीट विचार करतेय. "तो चांगला आहे" एवढ्याने तिचं समाधान नाही व्हायचं, कारण नुसता चांगुलपणा खेळणार कसा, खेळायला काहीतरी करायला लागतं. आणि रॉन बरंच करतो हो, पण सिनेमे बघून ते पूर्ण कळत नाही. तिसऱ्या पुस्तकात त्याचा पाय मोडलाय, चेहरा पांढराफटक पडलाय, तरी सगळे ज्याला खुनी समजतात त्या माणसासमोर तो धडपडत उभा राहतो आणि सांगतो, हॅरीला मारायचं तर आम्हालाही मारावं लागेल. सिनेमात हे बोलणं त्यांच्या मैत्रिणीला, हर्मायनीला देऊन टाकलंय. मला त्याचा अजून राग येतो.

पण सुरुवात पहिल्या पुस्तकापासून करा, १९९७चं, आणि तिच्या शेजारी बसून वाचा. ट्रेनमध्ये हॅरी आणि रॉनची ओळख होते तो प्रसंग हळू वाचा. रॉनला पाच मोठे भाऊ, त्यामुळे झगा एका भावाचा जुना, जादूची छडी दुसऱ्याची, पाळलेला उंदीरसुद्धा तिसऱ्याचा. आईने डब्यात सँडविच दिलंय तेही त्याला न आवडणारं, कारण इतक्या पोरांच्या गडबडीत कोणाला काय आवडत नाही ते तिच्या लक्षातच राहत नाही. हॅरी आपला खाऊ त्याच्यापुढे करतो आणि मग दोघं मिळून खातात. डब्याची वाटणी रोज करणाऱ्या मुलीला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

पुढे एक आरसा येतो, मनातली सगळ्यात खोल इच्छा दाखवणारा. हॅरीला त्यात त्याचे वारलेले आईवडील दिसतात. रॉनला दिसतो तो स्वतः, एकटा, छातीवर हेड बॉयचा बिल्ला, हातात कप. तुमची लेक जे म्हणतेय तेच रॉनच्या पोटात आहे बघा, मीही पुढे असावं! चौथ्या पुस्तकात तर तो जळतो, हॅरीशी कितीतरी दिवस बोलत नाही, आणि सातव्यात चक्क सोडून जातो, मग परत येऊन गोठलेल्या तळ्यातून त्याला बाहेर काढतो. चमच्याला कुठे असं रुसता येतं?

आणि पहिल्याच पुस्तकातलं ते बुद्धिबळ! माणसाएवढ्या दगडी सोंगट्या, हॅरी उंट, हर्मायनी हत्ती, रॉन स्वतः घोडा आणि अख्खा डाव रॉन चालवतो, बाकी दोघं तो सांगेल तिथे उभे राहतात. शेवटी हॅरीला समोरच्या राजावर मात करता यावी म्हणून तो समोरच्या वजिराच्या तोंडी जातो, हे दोघं नको नको ओरडत असताना. वर्षाच्या शेवटी हेडमास्तर या डावासाठी त्याला ५० गुण देतात, हर्मायनीलाही ५०, हॅरीला ६०.

आता खेळाचं. रोज एकाच पोराने हॅरी व्हायचं हे काही बरोबर नाही, चिठ्ठ्या टाकायला सांगा, आणि मुलं ऐकत नसतील तर एक दिवस तुम्ही स्वतः खाली जाऊन टाका. रॉनची चिठ्ठी हिलाच आली तर म्हणावं आज बुद्धिबळाचा सीन करू, पोडियमच्या फरशा आहेतच चौकोनी, कोणी कुठे उभं राहायचं ते ती ठरवेल.