'लव्ह अँड डान्सिंग' ऐकण्यापूर्वी

सिंथ-पॉपकडे, म्हणजे सिंथेसायझरवर उभ्या पॉप संगीताकडे, नव्याने वळलेल्या श्रोत्याने ह्यूमन लीग या ब्रिटिश बँडच्या १९८२ सालच्या या रीमिक्स अल्बमपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आधी याच बँडचा १९८१चा अल्बम 'डेअर' कानांत पुरता मुरू द्यावा, कारण निर्माते मार्टिन रशंट यांनी प्रामुख्याने त्याच गाण्यांच्या ध्वनिफिती कापून-जोडून, प्रतिध्वनी चढवून आणि गायन बहुतांशी गाळून हा अल्बम घडवला आहे. मूळ चाल ठाऊक नसेल, तर काय गाळले हे कळणारच नाही. ध्वनिसंपादनाची आजची संगणकीय साधने तेव्हा नव्हती, हे ध्यानात ठेवून हेडफोनवर ऐकावे: लिन ड्रम मशीनचा (इलेक्ट्रॉनिक तालयंत्राचा) एखादा ठोका मध्येच तुटतो, पुन्हा उमटतो आणि विरत जातो, तेथे कारागिराचा हात अक्षरशः ऐकू येतो.

तरीही माझे मन पूर्णपणे रमत नाही. 'डेअर'मधल्या 'डोन्ट यू वॉन्ट मी' या गाण्याचा सारा जीव स्त्री-पुरुषांच्या त्या भांडणात आहे. ते बाजूला सारल्यावर बेसची चाल दमदार राहते खरी, पण कोण कोणावर रुसले आहे हा प्रश्नच उरत नाही. 'हार्ड टाइम्स' मात्र येथे फार खुलते (ते मूळ 'डेअर'मध्ये नव्हतेच). म्हणून अल्बम सलग, पार्श्वसंगीतासारखा लावू नये. एक मूळ गाणे आणि लगेच त्याचे रीमिक्स, अशा जोड्यांनी ऐकावा.